जांभळीपाशी उजवीकडं

बाण उजवीकडं होता.

मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत घातला आणि पुन्हा बघितलं. जांभळीच्या बुंध्याशी जो मोठा दगड आहे त्यावर पिवळाजर्द बाण, आणि त्याचं तोंड उजवीकडं, कड्याच्या अंगाला. माझे पाय मात्र सवयीनं डावीकडं वळून मोकळे झाले होते.

"मुकुंदा, गाढवा," मी मोठ्यानं म्हणालो. रानात ऐकायला होतं कोण? एक भारद्वाज तेवढा उडाला. "बाण चुकवलास की काय?"

पण बाण चुकलेला नव्हता. माझा सगळा जन्म भोरात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलाय. सोपान पेंटर म्हणून विचारा, कुणीही घर दाखवील. चुकून मारलेला फटकारा आणि ठरवून मारलेला फटकारा मला लांबून कळतो. हा चांगला ठरवून, मांडी ठोकून काढलेला बाण होता. पुढं नजर टाकली तर तिकडं दुसरा, त्याच्यापुढं तिसरा. कारवीतनं वाट मोकळी केलेली, कोयत्याचे घाव अजून ओले.

डावीकडं आखाडेवस्ती होती. गवळी-धनगरांची चार घरं, कातळाच्या पोटाशी टेकलेली. आमची वाट पहिल्यापासून त्या वस्तीतनं, आणि वस्तीतही कुठनं, तर थेट ठकूबाईच्या अंगणातनं जायची. अंगण ओलांडलं की एक उतरण, मग गोमाची खिंड, आणि खिंडीच्या पलीकडं एसटीचा रस्ता. वस्तीचं दूध त्याच उतरणीवरनं खांद्यावरच्या कावडीनं सकाळच्या एसटीला जायचं. दुसरी वाट त्यांना नव्हतीच; जांभळीकडनं खाली उतरलं तर एसटीला पोचेपर्यंत दूध नासायचं. कड्याकडनं एकटा माणूस शेळीसारखा जाईल, पण दुधाची कावड घेऊन गेला तर माणूसही जायचा आणि कावडही.

आता मी तिथं काय करत होतो ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा भलतीकडंच भरकटला.

आमचं एक मंडळ होतं, 'वाटसोबत'. मी आणि मुकुंद शेटे, आम्ही दोघांनी काढलेलं. मुकुंदाचं बाजारपेठेत हार्डवेअरचं दुकान. राजगडाच्या पायथ्यापासनं घाटमाथ्यानं दक्षिणेला उतरणारी जुनी पायवाट आम्ही ऐन तारुण्यात पायांनी शोधून काढली, आणि पुढं सगळी हयात तिची राखण केली. पावसाळा सरला की वाढलेलं रान तोडायचं, टाक्यांतला गाळ काढायचा, पावसानं पुसलेले बाण पुन्हा रंगवायचे. लांबलांबनं माणसं यायची, आठवडाभर चालायची. वर्गणी कुणाकडं मागितली नाही. रंग मुकुंदाच्या दुकानातला, हात माझा.

आणि आमचा एक नियम होता. बाण रंगवणाऱ्यानं वाट तपासायची नाही. तपासायला दुसऱ्यानं जायचं, तेही डोक्यातली वाट घरी ठेवून. पायाला काय माहीत आहे ते विसरायचं आणि बाण सांगेल तिकडंच वळायचं, मग तो विहिरीत का नेईना. हसू नका, याला कारण होतं. सुरुवातीच्या वर्षांत एक बाण दरडीबरोबर वाहून गेला. तपासणारा वाट पाठ असलेला, तो आपला गाणं म्हणत पुढं निघून गेला, त्याला बाण नसल्याचं कळलंच नाही. मग मिरजेचे एक मास्तर तिथं चुकले आणि दुसऱ्या दिवशी दोरानं वर काढावे लागले. तेव्हापासनं हा नियम. तपासून आल्यावर रंगवणारा एवढंच विचारायचा, "अडलास कुठं?" अडला असेल तर जागा सांगायची, नसेल तर चहा प्यायचा.

एरवी रंगवणारा मी आणि तपासणारा मुकुंदा. पण त्या वर्षी दसरा झाला तसा तो घरी आला आणि म्हणाला, "सोप्या, यंदा गोमाच्या खिंडीचा टप्पा मी रंगवतो. तू तपासायला ये."

"तू? तुला सरळ रेघ तरी येते का रे?"

"येते तशी मारतो. तू इतकी वर्षं खाली मान घालून रंगवतोयस. एकदा मान वर करून चाल की. चालण्याची मजा काय असते ते तुलाही कळू दे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळे भरून आले. बायको आतनं म्हणाली, "भावोजींना काळजी हो तुमची." मी म्हणालो, मग! तो काय परका आहे?

एक काळजी मात्र मनात होती ती त्याला विचारली. वस्तीखालची उतरण त्या सुमारास पुण्याच्या एका कंपनीनं घेतली होती. तिथं बंगले व्हायचे होते आणि कंपनीला तारेचं कुंपण घालायचं होतं. वस्तीनं तहसीलदाराकडं अर्ज केला होता की ही आमची वहिवाटीची वाट आहे, बंद करू देऊ नका. आता वस्तीवाल्यांनी स्वतःच आमची वाट म्हणून काय उपयोग? बाहेरचा साक्षीदार पाहिजे. तो म्हणजे आम्ही. पाहणीला अधिकारी येतील तेव्हा मी जातीनं हजर राहून सांगणार होतो, की साहेब, इतकी वर्षं हजारो माणसं ह्या बाईच्या अंगणातनं गेलीत.

"पाहणी कधी आहे रे?" मी विचारलं.

"दिवाळीनंतर," मुकुंदा म्हणाला. "तलाठ्याशी बोललोय मी. तू नको काळजी करू."

मंडळाची कचेरीची सगळी कामं तोच बघायचा. मला काय, ब्रश दिला की झालं.

तर असा मी जांभळीपाशी उभा. डावीकडं ओळखीची वाट, उजवीकडं बाण. खरं सांगतो, शंका आली नाही. मनात आलं ते आग्या मोहोळ. मागं एकदा वस्तीच्या वाटेवरच्या उंबराला मोहोळ लागलं होतं, तेव्हा माश्या उठेपर्यंत आम्ही बाण तात्पुरते कड्याकडनं वळवले होते. तसंच काहीतरी असणार. मुकुंदानं केलंय म्हणजे विचार करूनच केलं असणार. खिंडीत भेटला की सांगेल. शिवाय नियम म्हणजे नियम, आणि तो मीच केलेला.

वळलो उजवीकडं.

वाट वाईट होती. उजव्या हाताला कडा, पायाखाली घसारा, पण बाण मात्र एकाला एक लागून. मला कौतुकच वाटत गेलं. म्हटलं, शेट्यांचा मुकुंदा, खिळे विकणारा माणूस, आणि बाण कसे मारलेत बघा! एका ठिकाणी घसरलो, गुडघा फुटला, तरी शिव्या दिल्या नाहीत. एरवी मी ठेचेलासुद्धा शिवी देतो.

खिंडीत पोचलो तर तिथं माणसं बरीच. मला वाटलं, चालणारा एखादा ग्रुप असेल. दगडांच्या चुलीवर चहा उकळत होता, मुकुंदा ओंडक्यावर बसला होता. शेजारी पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ, तलाठी, आणि काळा गॉगल लावलेला एक तरुण, हातात नकाशाची गुंडाळी.

"आला!" मुकुंदा उठला. "बघा साहेब, आला की नाही?"

आणि मग माझ्याकडं वळून, नेहमीसारखंच, "अडलास कुठं?"

"छे!" मी म्हणालो. "एकदम फक्कड. तुझ्या हातात कला आहे रे, उगीच खिळे विकत बसलास."

"म्हणजे सरळ आलात?" पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनी विचारलं. "कुणी वाटेत काही सांगितलं वगैरे नाही?"

"सांगणार कोण? बाण आहेत की."

"कड्याकडनं आलात ना?"

"मग! गुडघा बघा." मी हसत हसत पायजमा वर करून दाखवला. गृहस्थांनी मान हलवली आणि तलाठ्याला म्हणाले, "घ्या लिहून."

तलाठी लिहायला लागला तेव्हा मला कुठंतरी टोचलं. मी विचारलं, "आपण कोण?"

"मी जगदाळे, सर्कल ऑफिसर. आज पाहणी होती ना वहिवाटीची."

"आज?"

दिवाळीला अजून आठवडा होता. मी मुकुंदाकडं बघितलं. तो चुलीपाशी वाकून चहा गाळत होता. गाळणं कपावर धरलेलं, आणि कप भरून वर वाहतोय तरी ओततोय.

"तुमच्या मंडळाची पद्धत मला फार आवडली," जगदाळेसाहेब म्हणाले. भला माणूस होता हो, त्याला मी आजही दोष देत नाही. "शेट्यांनी सगळं समजावलं. ज्याला काहीच सांगितलेलं नाही असा माणूस खालनं निघणार, आणि तो ज्या वाटेनं येईल ती मंडळाची वाट. म्हटलं, यापेक्षा निर्मळ साक्ष कुठली? वस्तीवाल्यांनाही विचारलं. तेसुद्धा लगेच तयार झाले. ती म्हातारी म्हणाली, सोपान येतोय ना, मग मला मान्य. तो जिकडनं येईल तिकडनं वाट."

मी तिथंच खाली बसलो.

"साहेब, थांबा," मी म्हणालो. "लिहू नका. हे बाण नवे आहेत."

"दरवर्षी नवेच मारता ना तुम्ही?"

"तसं नव्हे हो! जुनी वाट वस्तीतनं आहे. म्हणजे खरी वाट. चला माझ्याबरोबर, आत्ता दाखवतो, तिथं दगडादगडावर माझे बाण आहेत, माझ्या हातचे!"

"आम्ही तिकडनंच आलो," गॉगलवाला पहिल्यांदाच बोलला. "तिथं एकही बाण नाही."

"नाही कसा? डोळे फुटले का तुझे?"

"सोपान," मुकुंदा म्हणाला, "तोंड सांभाळ."

तेवढ्यात उतरणीवरनं ठकूबाई खाली आली. मागं तिची सून सुंदरा, डोक्यावर ताकाचं मडकं. ठकूबाईचं वय झालं होतं, पण चालताना कधी थांबायची नाही. त्या दिवशी मात्र ती खिंडीच्या तोंडाशी थांबली. तिनं आधी साहेबांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सोपाना, तू कवा आलास?"

मी गुडघ्यावरचा पायजमा खाली ओढला.

"आमी सकाळधरनं अंगणात बसलोय तुजी वाट बघत. सुंदरेनं ताक घुसळलं. सायबास्नी म्हनलं, बसा निवांत, माजा सोपान हितनंच यील. तू कंच्या वाटंनं आलास?"

"मावशी, तुझ्या अंगणातल्या उखळाशेजारच्या दगडावरचा बाण," मी म्हणालो, "तो कुठं गेला?"

"मुकुंदानं घासला की परवा दिशी. तारंचा बुरूस आनला हुता. म्हनला, जुना रंग उडालाय, घासून नवा मारायचाय." तिनं आपल्या हातांकडं बघितलं. "पानी मीच दिलं घासाया. कळशी भरून दिली."

सुंदरानं पदर तोंडाला लावला. सर्कलसाहेबांनी मुकुंदाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि घसा साफ केला.

"हे पाहा, पेंटर. मला समोर दिसलं ते मी लिहिलं. तुम्ही कड्यावरनं आलात, कुठं अडला नाहीत, तुम्हीच बोललात. तुमची काही हरकत असेल तर कचेरीत येऊन मांडा. आत्ता भांडून काही उपयोग नाही."

ते गेले. गॉगलवाला गेला, तलाठी गेला. ठकूबाई सुनेचा हात धरून आल्या पावली माघारी फिरली. तिनं मला काही म्हटलं नाही, आणि मडक्यातलं ताक तसंच परत गेलं. खिंडीत मी आणि मुकुंदा उरलो.

माझ्या तोंडून काय काय बाहेर पडलं ते इथं सांगण्यासारखं नाही. त्याच्या आईला मी आई म्हणायचो, तरी तिचाही उद्धार झाला. तो ऐकत राहिला. रंगाचा डबा त्याच्या पायाशी होता, तो उचलून मी दरीत भिरकावला.

"फेक," तो म्हणाला. "दुकानात आहेत आणखी."

"का केलंस? कंपनीनं काय दिलं तुला?"

"मला? मला काय देणार? चहा पाजला तेवढा." तो ओंडक्यावर बसला. "वाटेसाठी केलं. तू बस आणि ऐक. उतरणही त्यांची आणि हा कडाही त्यांचाच. त्यांचा वकील दुकानात येऊन बसला होता. म्हणाला, वस्तीच्या बाजूनं उभे राहिलात तर दोन्हीकडनं तार घालतो आणि वर्षानुवर्षं कोर्टात लढतो. मंडळ कड्याकडनं गेलं तर ती वाट कायमची लिहून देतो, खिंडीत टाकं बांधून देतो. सोप्या, मधला एक टप्पा तुटला की सगळी वाट तुटली. राजगडापासनं निघालेला माणूस इथनं परत जाणार. तुझी माझी हयात गेली ह्यात. ती चार घरांसाठी घालवू?"

"चार घरांची वाट होती ती! आपण मागनं आलो. ठकूबाईच्या सासऱ्यानं दाखवली म्हणून आपल्याला सापडली."

"ठाऊक आहे मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळ्यात लाज असती तर मी त्याला तिथंच माफ केलं असतं, इतका मी त्याचा होतो. लाज नव्हती. दमलेला होता तो, एवढंच.

"सांगितलं असतं तर तू उजवीकडं वळला असतास?"

मी गुडघ्यावरची माती झटकली.

"मी स्वतः सांगितलं असतं, वाट कड्याकडनं आहे, तर वस्तीवाल्यांनी मान्य केलं असतं? सर्कलनं तरी? दुकानदार माणूस मी, माझ्या शब्दावर गिऱ्हाईक वजनसुद्धा दोनदा करून घेतं. तुझं तसं नाही. सोपान पेंटर खोटं बोलत नाही हे तालुक्याला माहीत आहे. म्हणून तू पाहिजे होतास. आणि तू खोटं बोललाही नाहीस. तुझ्यावर काही डाग नाही."

केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. शत्रू सुरी घेऊन येतो, ती दिसते तरी. ह्यानं माझाच खरेपणा माझ्या हातात दिला आणि माझ्याकडनंच ठकूबाईच्या वाटेवर फिरवून घेतला. वर म्हणतो, तुझ्यावर डाग नाही!

मी त्याचा चहा घेतला नाही. एसटीत तो पुढं बसला, मी मागं. भोरात उतरलो आणि त्याच्याशी बोलणं संपलं ते संपलंच. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेलो नाही. आता तोही नाही.

कचेरीत मी गेलो, जाणार नाही असं होईल का? तारखेला नवा सदरा घालून गेलो. तहसीलदारांसमोर हात जोडून सगळं सांगितलं: नियम, बाण, बुरूस, पाण्याची कळशी, सगळं. कंपनीचा वकील शांतपणे ऐकत होता. मग उठला.

"त्या दिवशी तुम्ही कड्याकडनं आलात हे खरं?"

"खरं, पण..."

"कुणी जबरदस्ती केली?"

"नाही."

"सर्कलसाहेबांनी विचारल्यावर, कुठं अडलो नाही, एकदम फक्कड, असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो. पण साहेब, ते बाणांबद्दल..."

"पेंटरकाका," वकील म्हणाला, आणि त्याचा आवाज अगदी मऊ, "मग तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात की आज बोलताय?"

काय सांगणार? त्या दिवशीही खरंच बोललो होतो आणि आजही खरंच बोलत होतो, आणि दोन्ही मिळून खोटं झालं होतं. मागं बाकावर ठकूबाईचा मुलगा बसला होता, टोपी हातात घेऊन. त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही.

निकाल वस्तीच्या विरुद्ध गेला. अपिलाला लागणारा दम त्या चार घरांत कुठला? होळीच्या आत उतरणीवर खांब उभे राहिले.

मी वस्तीवर गेलो तो त्यानंतर. जाववत नव्हतं, पण न जाणं त्याहून वाईट होतं. खालनं एकटाच चढलो, जांभळीपाशी डावीकडं वळलो. ठकूबाई शेणानं अंगण सारवत होती. गोठा निम्मा रिकामा. दूध एसटीला पोचत नाही म्हटल्यावर म्हशी ठेवून करणार काय? दोन विकल्या होत्या, उरलेल्यांना गिऱ्हाईक बघत होते. थोरला मुलगा बायकोला घेऊन भोरकडं कामाला उतरला होता.

"ये," ती म्हणाली. हात धुतले, घोंगडं टाकलं. पाणी दिलं. उखळाशेजारचा तो दगड मला दिसत होता, बुरुसानं पांढरा पडलेला.

मी खूप काही ठरवून गेलो होतो. त्यातलं एक अक्षर आठवेना. शेवटी म्हणालो, "मावशी, मला काहीच माहीत नव्हतं गं."

"ठावं हाय."

"मला फसवलं त्यानं."

"त्ये बी ठावं हाय. सुंदरा त्याच दिशी म्हनली, सोपानमामाचं तोंड बघितलंसा का, मेल्यागत झालं हुतं." ती घोंगड्याच्या कडेला बसली. "मुकुंदाला मी रोज शिव्या घालती. सकाळी उठली, चूल पेटीवली, की पयली शिवी त्याच्या नावाची. त्याच्या सात पिढ्या काढती. मग जरा बरं वाटतं, कामाला लागती."

ती माझ्याकडं बघत राहिली. राग नव्हता त्या बघण्यात. राग असता तर मी पाय धरले असते, तिनं चार लाथा मारल्या असत्या, आणि दोघंही मोकळे झालो असतो.

"तुला बी घालीन म्हनलं," ती म्हणाली. "कैकदा तोंडाशी आली. तुजंच नाव घिऊन आमी हो म्हनलो हुतो. सोपान यील तिकडनं वाट, आसं मीच बोलली, माज्या तोंडानं. पर तू खोटं न्हाई बोललास. काय करावं मग?"

"घाल ना, मावशी," मी म्हणालो. "एक तरी घाल. मन मोकळं कर."

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. मग तिनं मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले.

"न्हाई निघत," म्हणाली.